लागला की लावला

बिगुल : हळू पिळा, शेठ. स्क्रू आहे तो, लाइनमनची मान नव्हे.

चष्मेवाला : तुझा चष्मा आहे म्हणून हळूच पिळतोय. काडी पार वाकलीय. बसलं कोण यावर?

बिगुल : मीच. पेनल्टी दिली तेव्हा उभा राहिलो, गोल झाला तेव्हा बसलो. मधल्या वेळात चष्मा खुर्चीवर होता.

चष्मेवाला : ती पेनल्टी नव्हतीच.

बिगुल : गोल झाला, आपण हरलो, पुलापलीकडच्यांनी आपल्याच मैदानात शर्ट काढून नाच केला. आता नव्हती म्हणून काय उपयोग?

चष्मेवाला : नव्हती! चेंडू हाताला लागला, बिगुल. लागला. आपल्या खांबानं, त्या ताडमाड डिफेंडरनं, हात लावला नाही. लागणं वेगळं, लावणं वेगळं. रस्त्यात धक्का लागला तर माणूस सॉरी म्हणतो, धक्का मारला तर पोलीस येतात. एवढं ज्याला कळत नाही त्याच्या हातात झेंडा दिलाच कुणी?

बिगुल : तुम्हीच ना. लेक दिलीत तेव्हा चौकशी नव्हती केली?

चष्मेवाला : मुलगा मोजणी खात्यात आहे, एवढं विचारलं होतं. रविवारी झेंडा घेऊन पळतो, हे लग्नानंतर कळलं.

बिगुल : आणि संघटनेनंही त्यांना नेमकं आपल्याच सामन्याला धाडलं.

चष्मेवाला : त्यांना तो परगावचा. अर्जात राहतं घर विचारतात, सासुरवाडी कुणी विचारत नाही.

बिगुल : अख्ख्या जगाला घरच्या मैदानाचा फायदा होतो, शेठ. गवत आपलं, वारा आपला, आरडाओरडा आपला. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत बरोबरी. आणि झेंडा वर केला तोही आपलाच माणूस. घरचं झालं थोडं न व्याह्यानं धाडलं घोडं!

चष्मेवाला : हळू बोल. दार उघडं आहे.

बिगुल : कुणापासून लपवताय? सकाळी एका बाईंकडे नळ बसवायला गेलो, तर त्या मोरीच्या दारातून विचारतात, "चष्मेवाल्यांच्या जावयाला दिसत नाही म्हणे?" त्या बाईंना फुटबॉल हातानं खेळतात की पायानं, हेही ठाऊक नाही.

चष्मेवाला : माझ्या शटरवर खडूनं लिहून ठेवलं होतं कुणीतरी. "प्रथम घरच्यांची दृष्टी तपासावी." ओल्या फडक्यानं पुसलं.

बिगुल : शुद्धलेखन बरोबर होतं?

चष्मेवाला : होतं.

बिगुल : मग आपल्या स्टँडमधला नव्हे. पुलापलीकडून कुणी तरी येऊन गेलाय.

चष्मेवाला : हसू नकोस. घे तुझा चष्मा. नाकावर बसतोय का बघ.

बिगुल : बसतोय. शेठ, पेनल्टीचं रडगाणं आपण म्हातारपणापर्यंत गाऊ. पण आजचं दुखणं वेगळं आहे. संध्याकाळी समिती बसतेय, आणि तिथं पेनल्टीचा विषय नाही. विषय तुमच्या चष्म्याच्या डबीचा आहे.

चष्मेवाला : माझी कसली? अर्ध्या गावाकडं माझ्या दुकानाची डबी आहे.

बिगुल : तेच ते. दुकानाची जाहिरात म्हणून तुम्ही स्टँडभर फुकट वाटल्यात, आणि रेफरी चुकला की सगळ्यांनी डब्या वर करून टकटक वाजवायच्या, ही शक्कलही तुमचीच. इतकी वर्षं वाजवल्या. फेकली कुणी नव्हती. काल एक उडाली आणि लाइनमनची भुवई फुटली.

चष्मेवाला : गर्दीत होतं असं.

बिगुल : गर्दीत होतं, पण नियम गर्दीला ओळखत नाही. फेकणारा सापडला तर बंदी त्याच्यावर, नाही सापडला तर मैदानावर. आणि शेवटचा सामना आपल्याला घरात जिंकायचाच आहे, नाहीतर खालच्या गटात. तो बाहेर कुठं तरी, परक्या मैदानावर, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळायला लागला तर आपल्या पोरांनी आत्ताच बूट विकावेत.

चष्मेवाला : मला ठाऊक आहे सगळं.

बिगुल : ठाऊक आहे ना? मग असे काचेकडे काय बघता? कोण आहे?

जावई : येऊ का, मामा?

चष्मेवाला : या, या, जावईबापू! या. बिगुल, उठ, खुर्ची दे. पाणी घेता? कपाळ कसं आहे?

जावई : कपाळ बरं आहे. भुवईला टाके पडलेत.

चष्मेवाला : किती?

जावई : मोजले नाहीत. डोळे मिटले होते.

बिगुल : कालही तसंच—

चष्मेवाला : बिगुल!

बिगुल : गंमत केली हो, शेठ. पाहुणे, गावचा जावई म्हणजे सगळ्या गावाचा जावई. तुमच्यावर राग नाही. राग तुमच्या झेंड्यावर आहे.

जावई : झेंडा माझ्याच हातात होता.

चष्मेवाला : जावईबापू, एकच विचारतो, राग मानू नका. चेंडू हाताला लागला की हात चेंडूला लावला?

जावई : लावला.

चष्मेवाला : एवढ्या लांबून कळलं?

जावई : कोपर आधी हललं, चेंडू नंतर आला.

चष्मेवाला : अहो, उडी मारणारा माणूस हात काय घरी ठेवून येतो?

जावई : नाही. पण खाली येताना हातही खाली आणतो. तुमच्या खांबाचा हात वर चालला होता.

बिगुल : आपला खांब. "तुमचा" काय म्हणता? बरं, समजा लावला. समजा! मागच्या खेपेला त्यांच्या मैदानावर आपल्या पोराला गोलसमोर आडवा पाडला. सगळ्या जगानं पाहिलं. रेफरीनं काय दिलं? कॉर्नर. ह्याला म्हणतात घरचा मान. त्यांच्या घरी त्यांना मिळतो, आपल्या घरी आपल्याला का नाही?

जावई : तिथं चूक झाली म्हणून इथंही करायची?

बिगुल : चूक कसली, फिट्टंफाट! तुम्ही मोजणीला जाता तेव्हा काय करता? ज्याच्या घरी चहा घेतला त्याच्या बाजूनं फूटभर सरकत नाही टेप?

जावई : म्हणून तर मी मोजणीच्या ठिकाणी चहा घेत नाही.

बिगुल : शेठ, हे माणूस आहेत की गवंड्याचा ओळंबा?

जावई : बिगुलराव, घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे काय, हे मला काल कळलं. गवत नाही आणि वाराही नाही. हजार माणसं पाठीमागून ओरडतात, आणि लाइनमनचा हात उचलायच्या आधीच जड होतो, तो फायदा. माझाही झाला होता. तरी उचलला.

चष्मेवाला : फार मोठं काम केलंत.

जावई : मी तसं म्हणालो नाही, मामा.

बिगुल : झालं ते झालं. आता संध्याकाळचं बोलू. समिती तुम्हाला विचारणार, डबी कुणी फेकली. तुम्ही सांगायचं, दिसलं नाही.

जावई : त्यानं मैदान कसं वाचेल? फेकणारा सापडला नाही तर मैदान बंद.

बिगुल : सापडेल हो. तो आम्ही देतो. तुम्ही फक्त म्हणायचं, मला दिसलं नाही, असेल बुवा हाच.

जावई : कालपासून सगळं गाव ओरडतंय की मला दिसत नाही. आता तुम्ही म्हणता, दिसलं नाही असं सांगा. एकदा बसून ठरवा, मला दिसतं की नाही.

बिगुल : दिसतं. पण गरजेपुरतं दिसावं. तुम्ही जास्त पाहता.

चष्मेवाला : बिगुल, कुणाला देणार तुम्ही?

बिगुल : लांबूला. वायरमन लांबू. पुढच्या महिन्यात बायकोच्या गावी कायमचा चाललाय. बंदी आली काय न गेली काय, त्याला सारखंच. कोपऱ्यावर मंडळी जमलीत, त्याला समजावतायत. मीही बघून येतो. पाहुणे, तुम्ही सासऱ्यांच्या हातचं पाणी प्या आणि थंड डोक्यानं विचार करा.

(बिगुल बाहेर पडतो. दुकानाचं दार त्याच्यामागे आपोआप लागतं.)

चष्मेवाला : तोंडाळ आहे, पण मनाचा वाईट नाही.

जावई : मामा, काल सामना संपल्यावर तुम्ही खाली आला नाहीत.

चष्मेवाला : गर्दी होती.

जावई : घरीही आला नाहीत. आम्ही मुक्कामाला होतो. आई जेवायच्या थांबल्या.

चष्मेवाला : दुकानात काचा घासायच्या राहिल्या होत्या.

जावई : मला लागलेलं तुम्ही पाहिलंत ना?

चष्मेवाला : पाहिलं. वाईट वाटलं. डब्या फुकट वाटल्या ही माझीच चूक. कुणाच्या हातात काय जाईल, सांगता येतं का? अर्ध्या गावाकडं—

जावई : मी डबीवरून नाही ओळखलं.

चष्मेवाला : कुणाला?

जावई : माझी पाठ स्टँडकडे होती. सगळे "आंधळ्या" म्हणत होते. आणखीही बरंच म्हणत होते, तुमच्यापुढे बोलता येत नाही. ते मी ऐकतच नाही, सवय आहे. पण त्यात एक जण ओरडला, "अहो जावईबापू!" अख्ख्या स्टँडमध्ये मला अहो म्हणणारा एकच माणूस. मला वाटलं, घरून काही निरोप आला. हिला काही झालं की काय. म्हणून वळलो. वळलो नसतो तर पाठीला लागली असती आणि मला कळलंही नसतं.

चष्मेवाला : लागली ना? तुम्हीच म्हणालात, लागली. सुटली हो ती हातातून. वाजवता वाजवता सुटली.

जावई : सुटली की सोडली?

चष्मेवाला : हाताला घाम होता.

जावई : मामा, तुमचं कोपर मी पाहिलं.

चष्मेवाला : पाहिलंत! सगळं पाहता तुम्ही! खांबाचं कोपर पाहिलंत, माझं पाहिलंत. अहो, एक हात खाली ठेवायचा होता. एवढंच! कुणी काय मागितलं होतं तुमच्याकडे? पाच मिनिटं राहिली होती. पुलापलीकडचे बरोबरी घेऊन मुकाट घरी गेले असते. फक्त हात खाली ठेवायचा होता!

जावई : तुम्हालाही तेवढंच करायचं होतं. पाणी घ्या.

चष्मेवाला : तुमच्यासाठी आणलंय ते.

जावई : मला नको आहे. घ्या.

चष्मेवाला : तिला सांगितलंत?

जावई : नाही. रात्री माझ्या डोक्यावर बर्फ धरून बसली होती. म्हणाली, ज्यानं मारलं त्याचे हात झडोत.

चष्मेवाला : असं म्हणाली?

जावई : पुढंही बरंच म्हणाली. त्याच्या बापापर्यंत गेली.

चष्मेवाला : म्हणजे स्वतःच्या आजोबापर्यंत. जीभ माझीच घेतलीय कार्टीनं.

जावई : हसू येतंय, पण टाके ओढतात.

चष्मेवाला : संध्याकाळी तुम्ही काय सांगणार?

जावई : विचारलं तर दिसलं ते.

चष्मेवाला : सासऱ्याचं नाव घेणार? भर समितीत?

जावई : काल भर मैदानात सासऱ्याच्या संघाविरुद्ध झेंडा वर केला. आज सासऱ्यासाठी खोटं बोललो, तर काल खरं बोललो होतो, हे कुणी मानेल? मी तरी मानेन का?

चष्मेवाला : मग इथं कशाला आलात? मला दाखवायला?

जावई : तुम्ही आधी जाऊन सांगितलंत तर मला कुणी विचारणार नाही. मला ते नाव घ्यायचं नाही, मामा. पण विचारलं तर घ्यावं लागेल. म्हणून आलो.

चष्मेवाला : बंदी किती दिवसांची?

जावई : रक्त आलं असेल तर कायमची.

चष्मेवाला : आलं होतं?

जावई : शर्ट तुमच्या मोरीत भिजत पडलाय.

चष्मेवाला : कायमची. तुम्हाला कल्पना नाही, जावईबापू. माझ्या बापानं मला खांद्यावर बसवून त्या स्टँडमध्ये नेलं. खुर्च्या नव्हत्या तेव्हा, लाकडी बाकं होती. तुमच्या लग्नाची बोलणी मी सोमवारी ठेवली, कारण रविवारी सामना. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरला पहिला प्रश्न काय विचारला? वाचता येईल का, नाही. दुकान चालवता येईल का, नाही. पूर्वेच्या स्टँडमधून पश्चिमेचा गोल दिसेल का, हे विचारलं. आणि तुम्ही म्हणता, जाऊन सांगा.

जावई : म्हणत नाही. सुचवतो.

चष्मेवाला : सुचवतो! ओळंबाच आहात.

बिगुल : शेठ! उघडा दार, खुशखबर. लांबू तयार झाला. म्हणाला, जाता जाता क्लबासाठी एवढं तरी करतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

चष्मेवाला : लांबू काल बसला होता कुठं?

बिगुल : बसला नव्हता. तो आलाच नव्हता. सामान बांधत होता घरी.

जावई : जो आलाच नाही त्यानं फेकली कशी?

बिगुल : हाच तर मुद्दा! आला नव्हता म्हणून, "तो तर माझ्या शेजारी गप्प बसला होता", असं म्हणणारा कुणी निघणार नाही. आणि आपण एवढे सगळे सांगू की होता. घरच्या मैदानाचा एवढा तरी फायदा घेऊ द्या की आम्हाला!

चष्मेवाला : आणि त्याच्या नव्या गावी लोक विचारतील तेव्हा? तिथंही मैदान असेल. तिथंही संघ असेल. लाइनमनचं डोकं फोडणारा म्हणून त्याला दारातून हाकलतील.

बिगुल : ते लांबूचं लांबू बघेल.

चष्मेवाला : नको.

बिगुल : काय नको?

चष्मेवाला : लांबू नको. फेकणारा तो नाही.

बिगुल : शेठ, तुम्ही गप्प बसा.

चष्मेवाला : बिगुल, ती डबी—

बिगुल : गप्प बसा म्हणतो ना! मला ऐकायचं नाही. तोंडानं बोललात की ते खरं होतं. मी तुमच्या शेजारीच बसलो होतो. नळवाला माणूस आहे मी, गळती कुठून ते पाणी सांडायच्या आधी कळतं मला. चष्मा खुर्चीवर टाकून तुमचा हात धरायला उठलो होतो, तोवर उडाली होती.

चष्मेवाला : मग सकाळपासून हे नाटक कशाला?

बिगुल : नाटक कसलं, वाट बघत होतो, तुम्ही अजून किती वेळ "गर्दीत होतं असं" म्हणताय. कोपऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी नाव घेणार नाही. लांबूलाही ठाऊक आहे. म्हणून तर तयार झाला तो. क्लबासाठी नाही हो, तुमच्यासाठी!

चष्मेवाला : सगळ्यांना?

बिगुल : "अहो जावईबापू" म्हणून कुणी शिवी देतं का, शेठ? सगळा स्टँड वळून बघायला लागला होता.

जावई : मामा, बसा.

चष्मेवाला : बसत नाही. जावईबापू, एक सांगतो. बिगुल, तूही ऐक, आणि बाहेर जाऊन बिगूल वाजवू नकोस. खांबानं हात लावला होता.

बिगुल : काय?

चष्मेवाला : लावला होता. मी पाहिला. ऑपरेशननंतर मला लख्ख दिसतं. कोपर आधी हललं, हे म्हणतात तसंच.

बिगुल : मग सकाळपासून माझ्याशी कशाला भांडत होता?

चष्मेवाला : तुझ्याशी नाही भांडत होतो. अरे, हे चुकले असते तर मीही सगळ्यांसारखी टकटक वाजवून बसलो असतो. चुकणाऱ्याला माणूस हसतो. ह्यांचं बरोबर होतं, आणि आपल्याच घरात, आपल्याच माणसानं, सगळ्यांसमोर... तेच मला सोसलं नाही.

बिगुल : हे समितीत सांगू नका. खांबाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

चष्मेवाला : समितीत डबीपुरतं सांगेन. जावईबापू, तुम्ही येता?

जावई : दारापर्यंत येतो. आत तुम्ही एकटे जा. मी बरोबर असलो तर त्यांना वाटेल, मीच धरून आणलं.

चष्मेवाला : धरूनच आणताय की.

जावई : दारापर्यंतच.

चष्मेवाला : आणि लेकीला तुम्ही काही बोलू नका. मी सांगेन. आधी तिच्यापासून थोडा लांब उभा राहीन, मग सांगेन.

जावई : मी मध्ये उभा राहतो.

चष्मेवाला : तुम्हाला एकदा लागलंय. पुरे.

बिगुल : शेठ, अजून विचार करा. लांबू खरंच तयार आहे. एक शब्द बोलायचा नाही, बस्स.

चष्मेवाला : लांबूला सांग, सामान नीट बांध. आणि जायच्या आधी चष्म्याचा नंबर तपासून जा म्हणावं, काचा मी देतो. चल, शटर ओढू लाग. एका हातानं ओढत नाही ते.

बिगुल : शेठ...

चष्मेवाला : रडतोस काय? चष्मा काढ आधी, आत्ताच पुसलाय मी.

बिगुल : शेवटच्या सामन्याला तुमच्या जागेवर कुणाला बसू देणार नाही मी. रिकामी ठेवीन.

चष्मेवाला : खुळा आहेस का? बसव कुणालाही. आपल्या स्टँडमध्ये खुर्ची रिकामी दिसली, की समोरच्यांना जोर येतो.